वीस वर्षांची मर्सिडीज आणि मागच्या मालकाची उधारी

प्रश्न : २००५ सालची मर्सिडीज-बेंझ ई ३५० बघून ठेवली आहे. काळा रंग, पेट्रोल, ऑटोमॅटिक, १,४०,००० किलोमीटर झालेली. नव्या छोट्या गाडीच्या निम्म्याहूनही कमी किंमत सांगतात. आतून गाडी अजून नवी वाटते. चालवून पाहिली तेव्हा डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा एक इशारा येऊन गेला. विक्रेता म्हणाला, 'सेन्सर असेल, किरकोळ काम आहे.' मेव्हणे म्हणतात, हा पांढरा हत्ती दारात बांधू नका. बायको म्हणते, इतकी वर्षं मन मारलंत, आता एक हौस होऊ दे. माझं रोजचं फिरणं थोडंच असतं आणि घरात दुसरी साधी गाडी आहे. या गाडीत नेमकं काय बिघडतं, खर्च किती येतो आणि घ्यावी का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. ही गाडी आहे तशी घेऊ नका. ई-क्लास घ्या, हौसही करा, वहिनींचं म्हणणं मला पटतं. पण ही गाडी नको.

मेव्हण्यांचा पांढरा हत्ती मात्र मला तितकासा मान्य नाही. हत्ती रोज खातो. ही गाडी आठ महिने काही मागत नाही आणि नवव्या महिन्यात एकदम वर्षाचं मागते. त्या नवव्या महिन्यासाठी पैसे बाजूला ठेवलेले असतील तर ही फार सुखाची गाडी आहे. नसतील तर ती दारात उभी राहते, धूळ खाते आणि मग तुमच्यासारखाच दुसरा कुणीतरी ती स्वस्तात बघायला येतो. तुम्ही बघायला गेलात ती गाडीही कदाचित अशाच नवव्या महिन्यात विकायला निघालेली असेल.

या ई-क्लासचं कंपनीतलं नाव डब्ल्यू २११. २००२ ते २००९ या काळात ती बनली आणि २००६ च्या मध्यावर तिच्यात मोठे बदल झाले. बाहेरून पाहिलं तर बंपर, आरसे, दिवे एवढाच फरक दिसतो. देखभालीच्या हिशोबात मात्र २००६ च्या आधीची आणि नंतरची या दोन वेगळ्या गाड्या समजा. तुम्ही पाहिलेली आधीची आहे. शिवाय त्यात सुरुवातीच्या काळातलं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, इलेक्ट्रॉनिक ब्रेक, सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि, तो इशारा आला त्यावरून दिसतं, हवेचं सस्पेन्शन. या पिढीतल्या खर्चिक गोष्टींची यादी करायला बसलो असतो तर हीच चार नावं वर आली असती. तुम्हाला ती एकाच गाडीत मिळाली.

आधी इंजिनाचं बोलू, कारण सगळ्यात मोठं बिल तिथे दडलेलं असतं आणि टेस्ट ड्राइव्हमध्ये त्याचा पत्ताही लागत नाही. ई ३५० मधलं इंजिन एम २७२. ९० अंशांच्या कोनातलं व्ही-६ असल्यामुळे ते मुळात थोडं थरथरतं, आणि ती थरथर मारायला त्यात एक बॅलन्स शाफ्ट बसवलेला असतो. तो टायमिंग चेनवर, म्हणजे इंजिनाच्या झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या साखळीवर फिरतो. सुरुवातीच्या इंजिनांमध्ये या शाफ्टच्या टोकाचं दातेरी चक्र पुरेसं कठीण नव्हतं. चेन त्यावरून फिरत राहते, दात झिजत जातात, चेन सैल होते आणि कॅमशाफ्टचं टायमिंग मागे पडतं. मग चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. कंपनीच्या स्कॅनरवर १२०० किंवा १२०८ हा कोड दिसला तर संशय घेण्याचीही गरज उरत नाही. अमेरिकेत या दोषावरून ग्राहकांनी कंपनीविरुद्ध सामूहिक दावा लावला होता, तेव्हा ही गॅरेजमधली कुजबुज आहे असं समजू नका.

भाग स्वतः फार महाग नाही. पण तो बदलायला इंजिन गाडीतून खाली उतरवावं लागतं आणि जवळजवळ पूर्ण खोलावं लागतं. वीस-पंचवीस तासांची मजुरी धरा. त्यात चेन, टेन्शनर, गॅसकेट, सील, कूलंट, तेल आलंच. इंजिन खाली आहेच तर माउंटिंगही बदलून घ्या असं मिस्त्री म्हणेल, आणि ते बरोबरच असेल. तुम्हाला सांगितलेल्या किमतीत गाडी मिळत असेल, तर हे एक काम त्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकेल. काही ठिकाणी सगळीच किंमत.

सुदैवाने हे गाडी न चालवताही तपासता येतं. इंजिन क्रमांक २७२ ने सुरू होतो; त्यातल्या ३० या आकड्यानंतरचे शेवटचे सहा आकडे बघा. ते ४६८९९३ किंवा त्याहून कमी असतील तर इंजिन जुन्या चक्राचं. २००५ ची गाडी त्यातच बसणार, मधे कुणी इंजिन बदललं असेल तरच वेगळं. आता विक्रेत्याला एकच विचारा: बॅलन्स शाफ्टचं काम झालंय का, आणि झालं असेल तर बिल दाखवा. बिल निघालं तर माझं मत बरंच बदलेल. सुधारित चक्र बसलेलं इंजिन पुढे चांगलं चालतं. 'झालंय, पण बिल सापडत नाही' याचा अर्थ झालेलं नाही असाच घ्या. एवढ्या मोठ्या कामाचा कागद कुणी हरवत नाही.

याच इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या भागातल्या झडपांच्या दांड्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि त्या कालांतराने तुटतात. इंजिन उभ्या-उभ्या किंचित अडखळतं, ताकद कमी वाटते. पूर्ण मॅनिफोल्ड बदलतात; दुरुस्तीचे किटही मिळतात आणि नीट बसवले तर चालतात. बॅलन्स शाफ्टच्या मानाने हे काहीच नाही.

आता ब्रेक. २००६ च्या बदलापर्यंत या गाडीला सेन्सोट्रॉनिक ब्रेक कंट्रोल, म्हणजे एसबीसी होता. बॉशबरोबर विकसित केलेली ही यंत्रणा. नेहमीच्या गाडीत तुमच्या पायाचा जोर तेलामार्फत चाकापर्यंत जातो. इथे पेडलवरचा सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो आणि पंपाने साठवलेल्या दाबातून प्रत्येक चाकाला हवा तेवढा ब्रेक लागतो. चालताना अप्रतिम वाटतं, हे कबूल. पण तो पंप ठरावीक वापरासाठीच बनवलेला आहे आणि युनिट स्वतःच प्रत्येक वापर मोजत असतं. ठरलेला आकडा गाठला की डॅशबोर्डवर ब्रेकची सर्व्हिस करून घेण्याचा इशारा येतो. यंत्रणा खरोखरच बंद पडली तर गाडी जुन्या हायड्रॉलिक मार्गावर येते: पेडल खोल जातं, जोर बराच जास्त लावावा लागतो आणि ब्रेक फक्त पुढच्या चाकांना लागतो. गाडी थांबते, पण ज्याला हे माहीत नाही त्याची पाचावर धारण बसते.

यावरून कंपनीने २००४ मध्ये सुमारे ६,८०,००० गाड्या परत बोलावल्या. २००५ मध्ये आणखी मोठी, १३ लाख गाड्यांची मोहीम निघाली. त्यात ब्रेकबरोबर बॅटरी नियंत्रण आणि अल्टरनेटरच्या रेग्युलेटरच्या तक्रारीही होत्या. पुढच्याच वर्षी ई-क्लासमधून एसबीसी काढून साधे ब्रेक दिले गेले. काही देशांत या युनिटची वॉरंटी नंतर बरीच वाढवण्यात आली, तेव्हा चॅसी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा की या गाडीवर कोणतं काम झालंय आणि काही हक्क शिल्लक आहे का. ही चौकशी फुकट असते आणि आश्चर्य म्हणजे बहुतेक जण करतच नाहीत.

एसबीसी युनिट बदलायला अर्धा दिवस पुरतो, पण भाग फार महाग. दुरुस्त करून दिलेली युनिटही मिळतात. इथे एका गोष्टीपासून सांभाळा. काही जण संगणक लावून मोजणीचा आकडा शून्य करून देतात आणि 'ब्रेकचं काम झालं' म्हणून गाडी विकतात. आकडा शून्य झाला, मोटर नवी झाली नाही. म्हणून युनिट बदलल्याचं बिल मागा, त्यावर भागाचा क्रमांक आहे का तेही बघा. आणि पुढे कधी साधे ब्रेक पॅड बदलायचे झाले तरी ते एसबीसीची माहिती असलेल्याकडूनच. यंत्रणा आधी स्कॅनरने झोपवावी लागते. नाहीतर नुसतं दार उघडलं तरी ती जागी होऊन दाब देते, आणि कॅलिपरमध्ये बोटं असतील तर चिरडतात.

'सेन्सर असेल' या वाक्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण जुन्या महागड्या गाड्यांच्या बाजारात याइतकं वापरलं जाणारं वाक्य दुसरं नसेल. सेन्सर खरंच असू शकतो. हवेच्या सस्पेन्शनला उंची मोजणारे सेन्सर असतात, ते बिघडतात आणि बदलायला स्वस्त आहेत. मग प्रश्न असा की, काम इतकं किरकोळ असेल तर गाडी विकायला काढण्याआधी त्याने ते का केलं नाही? दिवा बंद झाला असता तर गाडीला त्या सेन्सरच्या कितीतरी पट जास्त भाव आला असता. विकणाऱ्यालाही हिशोब कळतो. त्याने केलं नाही याचा अर्थ बहुधा गॅरेजने त्याला वेगळंच काही सांगितलंय.

एअरमॅटिक म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराच्या फुग्यांवर उभी असलेली गाडी. हे रबर दहा-बारा वर्षांनी घडीच्या जागी चिरायला लागतं. हवा हळूहळू गळते. गाडी उभी असली की एक कोपरा खाली बसतो, सुरू केली की कॉम्प्रेसर हवा भरून तो उचलतो. मालकाला वाटतं, चाललंय की! पण जो कॉम्प्रेसर दिवसातून थोडाच वेळ चालायचा तो आता सारखा चालतोय. तो तापतो, त्याला चालू-बंद करणारा रिले चिकटतो, मग कॉम्प्रेसर बंदच होत नाही आणि जळतो. वेळीच एक फुगा बदलला असता तर एकाचंच बिल आलं असतं. आता फुगा, कॉम्प्रेसर, रिले असं तिघांचं येतं. दुसऱ्या बाजूचा फुगाही त्याच वयाचा असतो, त्यामुळे कामं जोडीनेच करावी लागतात.

तुमच्या पूर्ण प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच आहे. या गाड्या मुळात वाईट बनवलेल्या नाहीत. वीस वर्षांची आलिशान गाडी स्वस्तात मिळते तेव्हा बहुतेक वेळा मागच्या मालकाने पुढे ढकललेली कामं तुमच्या नावावर होत असतात. किमतीतली सूट ही त्याची उधारी आहे, आणि ती किती आहे हे कागदावर लिहिलेलं नसतं. शोधून काढावं लागतं. भागांचे दर गाडी नवी असताना तिची जी किंमत होती त्या हिशोबाचे असतात. गाडीचा भाव वीस वर्षांत कोसळला, हवेच्या स्ट्रटचा, म्हणजे फुगा बसवलेल्या शॉक अॅब्सॉर्बरचा, आणि ब्रेक युनिटचा त्या प्रमाणात मुळीच नाही.

एअरमॅटिक तपासायची सोपी पद्धत: आदल्या रात्री गाडी सपाट जागी उभी करून ठेवायला सांगा आणि सकाळी, इंजिन सुरू व्हायच्या आत पोहोचा. चारही चाकांच्या कमानीखालची उंची टेपने मोजा. एक कोपरा बसलेला असेल तर सेन्सरची चर्चा तिथेच संपली. तुम्ही पोहोचण्याआधीच गाडी सुरू करून ठेवलेली असेल, तर तेही एक उत्तरच आहे. हवेच्या सस्पेन्शनवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधी वाकू नका, हात घालू नका. हवा गेली की गाडी एकदम खाली येते. लिफ्ट किंवा भक्कम स्टँड हवेतच.

फुगे काढून साध्या स्प्रिंग बसवून देणारी किट मिळतात. पैशांच्या दृष्टीने तो शहाणपणा असू शकतो, पण गाडीची चाल बदलते आणि डॅशबोर्डवरचा इशारा गप्प करायला वेगळी खटपट करावी लागते. मी स्वतः तो मार्ग धरणार नाही. हवेची चाल नको असेल तर मुळात स्प्रिंगवाली गाडी घ्यावी. या पिढीत तशा भरपूर आहेत. गाडीच्या ऑप्शन-यादीत ४८९ हा कोड असेल तर एअरमॅटिक, नसेल तर नाही.

गिअरबॉक्सचं थोडक्यात. तुमच्या गाडीतला सात गिअरचा, ७२२.९. त्याचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या आतच, गरम तेलात एका पट्टीवर बसलेला असतो आणि त्याच पट्टीवरचे वेग मोजणारे सेन्सर निकामी होतात. गाडी एका गिअरमध्ये अडकते, बंद करून चालू केली की ठीक होते, आणि म्हणून 'अधूनमधून होतं, काही नाही' असं सांगितलं जातं. सेन्सर एकटा बदलत नाही. पूर्ण पट्टी बदलून ती त्या गाडीच्या नावे कोड करावी लागते. मजुरी अर्ध्या दिवसाची, भाग महाग. गिअरचं तेल ६०,००० किलोमीटरला बदलत गेलेलं असेल तर एकंदर गिअरबॉक्स मजबूत आहे. 'याचं तेल बदलावं लागत नाही' असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडे मी दुसऱ्यांदा जाणार नाही.

इलेक्ट्रिकलमध्ये या गाडीचं अर्धं दुखणं बॅटरीचं असतं. बदलाआधीच्या गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात: मोठी डिकीत, छोटी बोनेटखाली. छोटीचं अस्तित्वच अनेक मालकांना माहीत नसतं. ती मरायला टेकली की ब्रेकपासून काचांपर्यंत कसलेही इशारे येतात आणि माणूस महागडे भाग बदलत बसतो. तुमचं फिरणं थोडं, म्हणजे गाडी बरेच दिवस उभी. तेव्हा चांगला चार्जर हा तुमच्यासाठी पहिला खर्च. दुसरं, डिकीचा गालिचा उचलून खाली ओल आहे का बघा. मागच्या दिव्यांच्या सीलमधून पाणी शिरतं आणि डिकीच्या कडेला फ्यूज-रिले सांभाळणारं जे इलेक्ट्रॉनिक युनिट आहे ते खराब होतं. वायपरखालच्या आणि सनरूफच्या पाणी जाण्याच्या वाटा पानांनी तुंबल्या तर ओल पायाखाली येते. वास घ्या. नाक इथे स्कॅनरइतकंच उपयोगी पडतं.

पुढच्या आर्म, बुश, बॉल जॉइंट, इंजिन माउंटिंग ही वयाची कामं. खड्ड्यातून जाताना ठक-ठक आली की ती निघाली म्हणायची. कोणत्याही वीस वर्षांच्या गाडीत निघतील, त्यावरून घाबरू नका. गंजाच्या बाबतीत ही पिढी आधीच्या डब्ल्यू २१० पेक्षा कितीतरी बरी.

खर्च किती, असं तुम्ही विचारलंत. मजुरीचा दर जागेगणिक आणि गॅरेजगणिक बदलतो, पण कामाला लागणारे तास फारसे बदलत नाहीत; म्हणून तासांनी मोजा आणि तुमच्याकडच्या दराने गुणा. बॅलन्स शाफ्ट तीन-चार दिवस. ब्रेक युनिट आणि गिअरबॉक्सची पट्टी प्रत्येकी अर्धा दिवस, पण भागाची किंमत मजुरीच्या अनेक पट. पुढचे दोन हवेचे स्ट्रट साधारण अर्धा दिवस, कॉम्प्रेसर आणि रिले दोनेक तास. तुमच्या गाडीत ही चारही कामं बाकी असतील तर बेरीज सांगितलेल्या किमतीच्या पुढे जाईल, यात मला शंका नाही. चारही बाकी असतीलच असं नाही. पण एकही झाल्याचा कागद नसेल तर मी चारही बाकी धरूनच बोलणी करेन.

भाग कुठून घ्यायचे यात बराच पैसा वाचतो, आणि तो डुप्लिकेट घेऊन वाचवायचा नसतो. या गाडीचे बरेच भाग कंपनी स्वतः बनवत नाही. पुढचे एअर स्ट्रट बिलस्टाइनचे, कॉम्प्रेसर वॅबकोचा, आर्म आणि जॉइंट लेमफोर्डरचे. तोच भाग बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात घेतला तर मर्सिडीजच्या चांदणीचे पैसे वाचतात. नाव नसलेला स्वस्त स्ट्रट मात्र वर्षा-दोन वर्षांत पुन्हा खाली बसतो आणि मजुरी दोनदा पडते. गॅरेजचंही तसंच. अधिकृत सेंटर महाग, कोपऱ्यावरचा ओळखीचा मिस्त्री स्वस्त. तुम्हाला हवा तो तिसरा, फक्त याच कंपनीच्या गाड्या करणारा आणि स्टार डायग्नोसिस ही कंपनीची दोष वाचणारी संगणक प्रणाली वापरता येणारा. असा माणूस आवाक्यातल्या अंतरावर नसेल तर मी म्हणेन, या गाडीचा नाद सोडा. गाडीच्या आधी मिस्त्री शोधा.

मग घ्यायची कोणती? एकंदर या पिढीत मला सगळ्यात आवडते ती २००६ च्या बदलानंतरची, स्प्रिंगवरची, चार सिलिंडरची डिझेल ई २२० सीडीआय, पाच गिअरची. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गळून डांबरासारखा काळा थर जमतो, एवढं बघायचं. बाकी हे इंजिन न कुरकुरता चालतं. पण ती तुम्हाला सुचवणार नाही. तुमचं फिरणं थोडं आहे, आणि ज्या डिझेल गाडीला पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे तिला लांब पल्ला लागतो. जवळच्या जवळ फिरवली तर फिल्टर तुंबतो. सहा सिलिंडरची डिझेल, म्हणजे २८० किंवा ३२० सीडीआय, चालवायला सुरेख. पण तिच्या इंजिनात दोन सिलिंडर रांगांच्या मधोमध, टर्बोच्या खाली ऑइल कूलर बसलाय. त्याच्या सीलची किंमत नगण्य आणि तिथवर पोहोचायला पूर्ण दिवसाहून जास्त लागतो. तेल मागच्या बाजूने खाली उतरतं म्हणून अनेकदा क्रँकच्या मागच्या सीलवर खापर फुटतं आणि गिअरबॉक्स उगाच उतरवला जातो.

तुमच्यासाठी २००७ ते २००९ मधली पेट्रोल ई २८० किंवा ई ३५०, स्प्रिंगवरची. तेच एम २७२, पण इंजिन क्रमांक मर्यादेच्या पुढचा; एसबीसी नाही, एअरमॅटिक नाही. उरतो गिअरबॉक्स आणि वयाची कामं. किंमत तुमच्या काळ्या गाडीपेक्षा जास्त असेल. ती जास्त दिलेली रक्कम पहिल्या मोठ्या बिलात भरून निघते. आणि कुठलीही घेतलीत तरी खरेदीच्या किमतीच्या निम्मी रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि तिला हात लावू नका. हा माझा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे. पण तेवढी रक्कम बाजूला काढणं जड जात असेल तर या वर्षी थांबा.

तरीही मन काळ्या गाडीवरच असेल, तर एक दिवस आणि थोडे पैसे खर्चा. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना जा. बोनेटवर हात ठेवून बघा. चाव्या दोन्ही आहेत का, विचारा. मग गाडी तुमच्या मिस्त्रीकडे न्या, विक्रेत्याच्या नव्हे, आणि स्टार डायग्नोसिसला जोडून सगळी युनिट वाचायला सांगा. साधा ओबीडी रीडर, म्हणजे कोणत्याही गाडीचे कोड वाचणारं छोटं यंत्र, इंजिनाचंच सांगतो. ब्रेक आणि सस्पेन्शन त्याला दिसत नाही. कोड एकही नाही पण इंजिनाच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दाखवतोय, असं आढळलं तर कोड नुकतेच पुसलेत असं समजा. एसबीसीची मोजणी, १२००-१२०८ आहेत का, कॉम्प्रेसरचे दोष, गिअरबॉक्सचे दोष, सगळं छापून घ्या. नंतर गाडी लिफ्टवर.

विक्रेता गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये न्यायला नाही म्हणाला तर नमस्कार करून निघा. हो म्हणाला आणि रिपोर्टमध्ये दोष निघाले, तर त्या कामांचा मिस्त्रीकडून लेखी अंदाज घ्या, तो सांगितलेल्या किमतीतून पूर्ण वजा करा आणि उरेल तेवढंच बोला. तो चिडेल, कदाचित हसेल. चिडला तर वाद घालू नका. रिपोर्ट मात्र त्याच्याकडे ठेवून येऊ नका, त्याचे पैसे तुम्ही भरलेत आणि पुढची गाडी तपासताना काय काय बघायचं याची यादी त्यातच आहे.